तबलजी कुठे जेवला?

(रौप्यमहोत्सवी वर्षातील कोजागिरीच्या कार्यक्रमापूर्वी सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेल्या दोन-चार गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



मला पंधरा मिनिटं दिली आहेत. पण कलाकार मुंबईहून यायचेत आणि कसारा घाटात गाड्या अडकल्या आहेत असा मघाशी फोन आला. तेव्हा पंधराची पंचवीस झाली तरी आज कोणी मला चिठ्ठी पाठवणार नाही, असं मी धरून चालतो.

"सोसायटीची पंचवीस वर्षं" या विषयावर बोला, असं मला सांगितलं होतं. मी नको म्हटलं. पाण्याची टाकी, लिफ्ट, पार्किंग आणि कन्व्हेयन्स डीड या चार विषयांवर आपण पंचवीस वर्षं दर सर्वसाधारण सभेत बोलत आलो आहोत, आजचा दिवस तरी सोडून द्या. मी बोलणार आहे गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसांच्या जेवणाबद्दल. विषय विचित्र वाटेल. पण त्याचा आपल्या सोसायटीशी संबंध आहे, आणि माझ्याशी तर फारच आहे. तो शेवटी सांगतो.

माझा एक मावसभाऊ होता. आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. डोंबिवलीला राहायचा, रेल्वेत कारकून होता आणि पेटी वाजवायचा. त्याचं नाव तुम्ही ऐकलेलं असायचं कारण नाही. पत्रिकेत गायकाच्या नावाखाली बारीक अक्षरात "संवादिनी" असं छापतात ना, त्यापुढे जे नाव असतं, आणि बरेचदा तेही चुकीचं छापलेलं असतं, ते त्याचं. नाट्यसंगीत, अभंग, भावगीतं, जे असेल त्याला साथ. नोकरीत होता तोवर रजा टाकून महाराष्ट्रभर फिरला. १९९४ साली लवकर निवृत्ती घेतली आणि मग परदेशही पाहिला. दर दौऱ्यानंतर आमच्याकडे नाशिकला यायचा आणि बोलायचा ते गाण्याबद्दल कमी, जेवणाबद्दल जास्त. माझी बायको म्हणायची, भावजी मैफलीला जातात की पंगतीला?

पण त्यात गंमत नव्हती, बरं का. पेटीवाल्याचं, तबलजीचं जेवण हा खरोखरच अवघड प्रश्न असतो. कार्यक्रमाआधी पोटभर खाता येत नाही. गाणाऱ्याला दम पुरत नाही, आणि साथ करणाऱ्याला तीन-चार तास मांडी घालून बसायचं असतं. अण्णा म्हणायचा, भरल्या पोटी पेटीवर बसलं की पहिल्या विलंबित ख्यालातच डोळे मिटतात, आणि लोकांना वाटतं हा रंगलाय. म्हणजे संध्याकाळी सहाला चहा-बिस्किट आणि त्यानंतर जे काय ते रात्री बारा-एकला. आता रात्री एक वाजता परक्या गावात जेवण कुठे मिळतं? खानावळी बंद. हॉटेलं बंद. मग सगळं त्या आयोजकावर. त्याच्या लक्षात राहिलं तर राजेशाही, नाही तर उपास.

राजेशाहीच्याही गोष्टी पुष्कळ होत्या. जळगावकडे थंडीत गेला की कार्यक्रमानंतर शेतात नेऊन भरीत आणि कळण्याची भाकरी. रात्री दोन वाजता, शेकोटीशी, हातात पातीचा कांदा. इंदूरला गेला की कार्यक्रम संपवून सगळे सराफ्यात. तिथे दुकानं बंद झाल्यावरच खाऊच्या गाड्या लागतात, त्यामुळे गवयांच्या वेळेला जुळणारं हिंदुस्थानातलं हे एकच गाव, असं त्याचं मत. बेळगावहून येताना कुंदा आणायचा. आणि नाशिकला कार्यक्रम असला की सकाळी मिसळ आणि जाताना चिवडा हे ठरलेलं. मिसळीवरून आपल्याकडे सोसायटीतच चार तट आहेत, म्हणून कुठली ते मी सांगत नाही.

परदेशातलं चित्र वेगळं. १९९६-९७ च्या सुमाराला तो पहिल्यांदा अमेरिकेला गेला, तिथल्या महाराष्ट्र मंडळांच्या कार्यक्रमांना. तिकडे या मंडळांची सगळ्यांची मिळून एक संस्था आहे, बृहन्महाराष्ट्र मंडळ, १९८१ सालची. दर दोन वर्षांनी अधिवेशन भरतं, हजारो माणसं जेवतात. पण अण्णाचे कार्यक्रम छोट्या गावांतले. शाळेचं सभागृह भाड्यानं घेतलेलं, शुक्रवारी एका गावी, शनिवारी दुसऱ्या, रविवारी दुपारी तिसऱ्या. हॉटेलचा खर्च परवडत नाही म्हणून कलाकार घराघरांत वाटून द्यायचे. जेवण कार्यक्रमाच्या आधी सहा वाजता, कारण मुलांना घेऊन लोकांना घरी जायचं असतं. त्या वेळी हा पेटी लावत बसलेला. कार्यक्रम संपेपर्यंत उरलेलं जेवण ट्रेमध्ये भरून ज्याच्या त्याच्या गाडीत गेलेलं असायचं, आणि हॉलची किल्ली दहाला परत द्यायची घाई.

एकदा असंच झालं. दीड तास गाडीतून प्रवास करून रात्री बाराला एका घरी पोचला. घरची बाई पुण्याची, सकाळी सहाला तिला कामावर जायचं. तिनं काही न विचारता फ्रिजमधलं वरण काढलं, भात गरम केला, वर लिंबाची फोड आणि तूप. अण्णा सांगायचा, पहिल्या घासाला मला रडू आलं, आणि मी नाक शिंकरल्याचं नाटक केलं. मला वाटतं ती बाई काय ते समजली असावी, कारण तिनं पाठ फिरवून उगाच भांडी विसळायला घेतली.

दुसऱ्या एका गावी मोटेलात उतरवलं होतं. याच्याकडे विजेची छोटी शेगडी. उपम्याला फोडणी दिली आणि छतावरचा धुराचा भोंगा वाजायला लागला. पाच मिनिटांत बंब दारात. पुढे तो फक्त किटली न्यायचा. तांदळाच्या शेवया, झटपट पोहे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी. विमानात वजनाची मर्यादा, त्यात पेटीच बारा-तेरा किलोची. मग चटणीच्या पुड्या पेटीच्या खोक्यात कापडांच्या मधे. मी एकदा विचारलं, अरे, भात्यात गेली तर? म्हणाला, तर त्या दिवशी मारवा जरा झणझणीत लागेल. ऑस्ट्रेलियात मात्र हे चालत नाही. तिथे खाण्याचा प्रत्येक कण कागदावर लिहून द्यावा लागतो. मेतकुटाला इंग्रजीत काय म्हणायचं यावर त्याची आणि तबलजीची विमानातच अर्धा तास चर्चा झाली होती.

जर्मनीत एका गावी कार्यक्रम दहाला संपला, तर तिथल्या खाणावळींची चूल साडेनऊलाच विझलेली. रविवार, म्हणून दुकानंही बंद. शेवटी पेट्रोलपंपावरच्या दुकानात पाव आणि चीज घेतलं आणि गायक, तबलजी, पेटीवाला असे तिघे स्टेशनच्या बाकावर बसून जेवले. हे तिघं तासाभरापूर्वी लोकांच्या टाळ्या घेत होते. जपानमध्ये शाकाहाराचा घोळ. सूपमध्ये मासा दिसत नाही, पण पाण्यालाच माशाचा अर्क असतो, आणि वाढणारी मुलगी मनापासून सांगते की यात काही नाही. तिच्या दृष्टीनं खरंच नसतं. तिकडचा भात मात्र चिकट, आपल्या गुरगुट्या भातासारखा. त्यावर मेतकूट. ओसाकामध्ये मेतकूट-भात खाणारा मी पहिला डोंबिवलीकर, असं तो म्हणायचा. मला खात्री नाही, डोंबिवलीकर कुठेही असतात.

मॉरिशसला आपले लोक आहेत, रत्नागिरीकडून शंभर-दीडशे वर्षांपूर्वी उसाच्या मळ्यात मजुरीला गेलेले. घरात बोलणं बरंचसं क्रिओल, पण गणपती बसतो, आरती मराठीत. तिकडे रस्त्यावर दालपुरी मिळते, आत डाळीचं सारण, बरोबर तिखट रस्सा. अण्णा म्हणायचा, गूळ घालायला विसरलेली पुरणपोळी.

पण ज्या जेवणाबद्दल तो सगळ्यांत जास्त बोलायचा ते इस्राएलमधलं. कोकणातले बेने इस्राएल लोक, ज्यांना आपल्याकडे शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनवार तेली म्हणायचे, ते १९४८ नंतर मोठ्या संख्येनं तिकडे गेले. लोद, दिमोना, बीरशेबा अशा गावांत आहेत. मराठी अजून बोलतात, विशेषतः म्हातारी माणसं. त्यांच्याकडे एलियाहू हनाबीच्या नावानं मलिदा करतात. भिजवलेले पोहे, गोड, ओलं खोबरं, वर फळं. प्रार्थना झाली की सगळ्यांना वाटतात. त्यांच्यात मांसाबरोबर दूध-दही चालत नाही, म्हणून कालवणाला नारळाचं दूध, अगदी अलिबागकडच्यासारखं. तर कार्यक्रमाआधी अण्णा कोपऱ्यात पेटी पुसत बसला होता. एक म्हातारी काठी टेकत आली, त्याच्याकडे बघून म्हणाली, "जेवलास का रे?" रायगडातल्या कुठल्याशा गावातून लहानपणी गेलेली. दौऱ्याचा अकरावा दिवस होता. अण्णा म्हणाला, अकरा दिवसांत हे वाक्य मला मराठीत पहिल्यांदा ऐकू आलं. आणि तिनं गायकाला नाही, मला विचारलं.

आता थोडं मागे जातो, कारण हे काही आजचं नाही.

पंडित भीमसेन जोशी घरातून का पळाले ते तुम्हाला माहीत असेल. अब्दुल करीम खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकली, गाणं शिकायचं वेड लागलं, हे खरंच. पण निमित्त झालं ते तुपाचं, अशी गोष्ट नेहमी सांगितली जाते. आईनं भातावर तुपाचा दुसरा चमचा वाढला नाही, मुलगा रागावला आणि निघाला. साल १९३३, वय अकरा. विनातिकीट गाडीत बसायचं, तिकीट तपासनीस आला की गाऊन दाखवायचं. ग्वाल्हेर, कलकत्ता, असं करत करत जालंदर. तिथे विनायकबुवा पटवर्धनांनी सांगितलं, अरे, इतक्या लांब कशाला आलास? तुझ्या घराजवळ सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा. पुढे कुंदगोळला गुरूंच्या घरी पाणी भरलं, पडेल ते काम केलं आणि शिकले. एका चमचाभर तुपावरून सुरू झालेला हा प्रवास, असं म्हणतात लोक. मला त्यात दुसरंच दिसतं. अकरा वर्षांचं पोर तीन वर्षं हिंदुस्थानभर फिरलं, म्हणजे कुणी ना कुणी त्याला रोज जेवायला घातलं असणार. त्यांची नावं कुठल्याही पुस्तकात नाहीत.

नाटक कंपन्यांनी हा प्रश्न आपल्या पद्धतीनं सोडवला होता. गावोगाव मुक्काम, बरोबर स्वतःचा भटारखाना, स्वतःचे आचारी. नट, गवई, पडदे ओढणारे, सगळ्यांचं जेवण कंपनीत. गंधर्व कंपनीच्या पंगतींबद्दल आमच्या आजोबांच्या पिढीतली माणसं डोळे मिटून बोलायची. बालगंधर्वांनी खर्चाचा हिशेब कधी केला नाही आणि कंपनी कर्जात बुडाली, हेही तितकंच खरं. ते कर्ज त्यांनी नाटकं करून वर्षानुवर्षं फेडलं. बँकेतला माणूस म्हणून मी त्यांना कॅश क्रेडिट दिलं असतं का? नसतं दिलं. पण जेवायला बोलावलं असतं तर गेलो असतो. आपल्या नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये २१ डिसेंबर १९०९ ला 'शारदा'चा प्रयोग चालू असताना अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडली. ती गोष्ट आपण शाळेत शिकलो. मला मात्र मधूनच वाटतं, त्या रात्री कंपनीच्या चुलीवर शिजवून ठेवलेल्या भाताचं काय झालं असेल?

पण कंपनीची पंगत वेगळी आणि घरची पंगत वेगळी. गंधर्व कंपनीत तबल्याला अहमदजान थिरकवाँ खाँसाहेब होते, सारंगीला कादरबक्ष. ही माणसं काय तोलामोलाची होती ते जाणकार सांगतील. पण अशी माणसं गावोगावच्या घरांत जायची तेव्हा? मी माझ्या आजोबांच्या वाड्यातलं सांगतो. गणपतीत गाणं व्हायचं. एक सारंगीवाले चाचा दर वर्षी यायचे. ओसरीवरच्या कोनाड्यात एक वेगळी कपबशी असायची, कडा उडालेली. बाकीच्यांना आत पितळी पेल्यांतून चहा, चाचांना ओसरीवर त्या कपात. ती कपबशी नेऊन द्यायचं काम माझं. मी सहा-सात वर्षांचा. चाचा दोन्ही हातांनी कप घ्यायचे आणि "जीते रहो" म्हणायचे. नंतर ते स्वतःच नळावर विसळून कोनाड्यात ठेवायचे. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, हे कबूल करतो. घरात कुणालाच वाटलं नाही.

ज्यांना वाटलं अशा एका माणसाचं आपल्या नाशिकशी नातं आहे. विष्णू दिगंबर पलुस्कर. मिरजेत शिकत असतानाची त्यांची हकीकत चरित्रांतून सांगतात. गावात काही समारंभ होता, विष्णुबुवांना आमंत्रण आलं, पण त्यांच्या गुरूंना, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांना नाही. कारण काय, तर ते गवई. हे त्यांना इतकं लागलं की गवयाला समाजात मान मिळवून द्यायचा हेच पुढे त्यांचं काम झालं. १८९६ साली मिरज सोडली, १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. लोकांच्या पैशावर, तिकिटं लावून. पुढे मुंबईला विद्यालय आलं. शिष्यांच्या राहण्या-जेवणाचा भार विद्यालयावर. इतकी मुलं वर्षानुवर्षं जेवायला घालायची म्हणजे काय, ते हिशेबाच्या माणसाला विचारा. कर्ज झालं, मुंबईतली इमारत लिलावात गेली. शेवटची वर्षं ते इथे पंचवटीत रामनाम आधार आश्रमात राहिले. मुलगा दत्तात्रेय, म्हणजे आपले डी. व्ही. पलुस्कर, १९२१ साली नाशिकचाच जन्म. ते पुढे १९५५ साली भारत सरकारच्या सांस्कृतिक मंडळाबरोबर चीनला जाऊन आले आणि त्याच वर्षी गेले, वय अवघं चौतीस. आपण पंचवटीत जातो ते गंगेवर आणि काळारामाला. या घराण्याची आठवण फारशी कुणाला होत नाही.

बायकांचं तर आणखी कठीण. किशोरीताई आमोणकर मुलाखतींत सांगायच्या की लहानपणी त्या आई मोगूबाईंबरोबर तानपुऱ्यावर साथीला जायच्या. तिसऱ्या वर्गाचा प्रवास, उतरायचं कुणाच्या तरी घरी, वागणूक कशीही. तेव्हाच त्यांनी ठरवलं की माझ्या बाबतीत हे होऊ देणार नाही. पुढे लोक म्हणायचे, बाई फार कडक, अटी फार. मी स्वतः म्हणायचो. मोगूबाईंचं ते ऐकल्यावर म्हणायचं बंद केलं. केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेला. कलाकाराच्या जेवणाची व्यवस्था आयोजकांना करावी लागली नाही असा हा एकच दौरा.

असो. आता आपल्या सोसायटीकडे येतो.

२००४ ची कोजागिरी. सोसायटीला सहा वर्षं झाली होती, लिफ्ट नवी होती. मी खजिनदार. पहिल्यांदाच आपण बाहेरून गायिका बोलावली, पुण्याच्या. जुन्या सभासदांना आठवत असेल, काय रंगल्या होत्या! भैरवीपर्यंत कोणी उठलं नाही, मसाला दूध गार झालं. कार्यक्रम संपला साडेबाराला. बाईंचं जेवण आमच्याकडे ठरलं होतं. आमच्या हिनं मसालेभात, भरली वांगी, जिलबी, सगळं केलं होतं. पानं सहा. बाई, त्यांचे यजमान, तेव्हाचे अध्यक्ष आणि वहिनी, सेक्रेटरी आणि मी. ही वाढणार.

साथीदार दोघं. पेटीवाले बाईंबरोबर पुण्याहून आलेले, तबलजी नाशिकरोडचा तरुण मुलगा. त्यांची पाकिटं माझ्याकडे. मी त्यांना इथेच, या जिन्यापाशी गाठलं. पाकिटं दिली, व्हाउचरवर सह्या घेतल्या, रेव्हेन्यू स्टॅंपवर नीट आल्या की नाही ते पाहिलं. तबलजी डग्ग्याला गवसणी घालत होता. त्यानं विचारलं, "साहेब, इथे जवळपास काही खायला उघडं असेल का?"

आणि मी त्याला पत्ता सांगितला. "द्वारकेला जा, भुर्जीच्या, वडापावच्या गाड्या रात्रभर असतात. इथून डावीकडे, मग सरळ." वर मसालेभाताचा वास जिन्यात येत होता. त्याला येत नसेल असं नाही. "बरं साहेब" म्हणून तो पेटीवाल्यांना स्कूटरवर घेऊन गेला. एका हातात पेटी, मधे तबला. मी वर येऊन जेवलो. चांगला जेवलो.

पुढच्या रविवारी अण्णाचा फोन. मी उत्साहानं सगळा कार्यक्रम वर्णन करून सांगितला. कोणता राग, कोणतं नाट्यपद, किती लोक, हिशेबात किती उरले तेसुद्धा. तो ऐकत होता. मग म्हणाला, "तबलजी कुठे जेवला?"

मी सांगितलं. खोटं बोलता आलं असतं, पण त्याच्याशी नाही आलं.

तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पत्ता तरी नीट सांगितलास ना? रात्री लोक चुकतात."

बस्, एवढंच. त्यानं राग केला नाही, नंतर कधी तो विषय काढला नाही. पण त्याच फोनवर मला त्याच्या इतक्या वर्षांच्या गोष्टींचा अर्थ लागला. जळगावचं भरीत, ती पुण्याची बाई, ती इस्राएलमधली म्हातारी, या सगळ्या गोष्टी तो इतक्या प्रेमानं का सांगायचा? कारण त्या थोड्या होत्या. मधल्या शेकडो रात्री द्वारकेच्या होत्या, त्या तो सांगत नव्हता. मी बँकेत तेहतीस वर्षं काढली, बदलीच्या गावी खानावळींत जेवलो, रात्री उशिरा ताळा जुळवून आल्यावर झाकून ठेवलेलं पान नसलं की काय वाटतं ते मला चांगलं ठाऊक होतं. तरी माझ्या लक्षात आलं नाही. माझ्या समोर उभा असलेला मुलगा माझ्याच भावाचं काम करत होता, तरी नाही आलं.

मी त्या तबलजीला शोधलं. दोनेक वर्षांनी एका लग्नाच्या संगीत कार्यक्रमात भेटला. मी म्हटलं, त्या रात्रीबद्दल मला वाईट वाटतं. तो आठवायचा प्रयत्न करत राहिला. मग हसून म्हणाला, "कुठली कोजागिरी साहेब? लक्षात नाही. होतं असं." त्यानं मला बरं वाटावं म्हणून म्हटलं असेल, पण मला वाटतं त्याला खरंच आठवत नव्हतं. ते मला जास्त लागलं.

मी खजिनदार होतो, तेव्हा मला जे करता येत होतं ते केलं. पुढच्या वर्षी कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात एक ओळ घातली: "पानं, एकूण." मांडव, माईक, हार-नारळ, मानधन, आणि पानं. मिटिंगमध्ये एका सभासदांनी हरकत घेतली की मानधन देतो मग जेवण कशाला, डबल पेमेंट होतं. मिनिट्समध्ये ती हरकत आहे, नाव मी सांगत नाही, ते समोरच बसलेत आणि हसताहेत. ठराव बहुमतानं मंजूर झाला. तेव्हापासून ती ओळ आहे. मधे एका वर्षी छापताना चुकून "पाने" ऐवजी "पाणी" छापलं गेलं आणि पाण्याच्या टाकीवर पुन्हा पाऊण तास चर्चा झाली, तो भाग वेगळा.

अण्णा २०१९ साली गेला. शेवटच्या आजारात त्याला पातळ भाताखेरीज काही चालत नव्हतं. मी भेटायला गेलो तेव्हा वहिनींनी मला विचारायच्या आत त्यानंच विचारलं, जेवलास का. मी म्हटलं, हो, गाडीत खाल्लं. म्हणाला, गाडीत खाल्लेलं जेवण नव्हे, आणि वहिनींना पान वाढायला सांगितलं. मी जेवलो आणि तो बघत बसला.

हां, खुणावताहेत. गाडी पाथर्डी फाट्याला आली म्हणे. मग मला आवरलं पाहिजे.

आजचा हिशेब सांगून ठेवतो, म्हणजे गोंधळ नको. गायक, पेटी, तबला, तानपुऱ्यावर एक मुलगी, टाळ वाजवणारे एक गृहस्थ, असे पाच. गाडीचा ड्रायव्हर सहा. साऊंडवाली दोन मुलं दुपारपासून इथेच आहेत, त्यांच्यासह आठ. वॉचमनची आज रात्रपाळी, नऊ. नऊ पानं, सगळी एकाच पंगतीत, बी विंगच्या तळमजल्यावर. पिठलं, भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी, आणि तानपुऱ्यावरच्या मुलीला तिखट चालत नाही, तिच्यासाठी वरण-भात वेगळा. वहिनी, भाकऱ्या आत्ताच थापू नका. भैरवी सुरू झाली की मी खाली येऊन सांगतो, तेव्हा तवा ठेवा.